दोन्ही नावे एकाच व्यक्तीची

मार्कशीटवर मी रोहिणी आप्पासो मगदूम,
पासपोर्टवर आप्पासाहेब.
तिकडच्या बोर्डाला वाटतं, मला वडील दोन.

कोर्टासमोर, नोटरीच्या टेबलापाशी
वडील उभे, गळ्याचं बटण लावून:
"अहो, 'सो' म्हणजे 'साहेब'च की.
शाळेत मास्तरांनी शाई वाचवली, एवढंच."
नोटरीनं मान वर न करता टाइप केलं,
सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.
वडिलांनी सही केली.
आप्पासो.
पुन्हा नवा स्टॅम्पपेपर.

मग तास.
हाडांचे किती, मेंदूचे किती, छातीचे किती,
साडेचार वर्षं तीन डब्यांत ओतून दाखवा.
छातीचे कमी भरतात.
सीपीआरच्या वॉर्डात हाताची वाटी करून
ज्यांच्या पाठीवर थापत बसले, कफ सुटेपर्यंत,
त्यांच्यातल्या एकानंही घड्याळ लावलं नव्हतं.
मीही नाही.

सिलॅबसची चारशे अकरा पानं,
पानागणिक कॉलेजचा गोल शिक्का.
कारंडे क्लार्क म्हणाले,
"एवढे मारून माझाच खांदा जायचा. बघशील का मग?"
बघीन की.
मी जायच्या आधी गेला तर.

प्रश्न सातवा:
तुम्ही उपचार बदललात असा एक रुग्ण,
अडीचशे शब्दांत.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरचे सर्जेराव.
उजवा अंगठा, मनगटाच्या कडेला सूज,
मूठ वळली की डोळ्यांत पाणी.
मी पुस्तकातलं सांगितलं, सहा आठवडे आराम.
ते हसले.
"मला चालंल वो मॅडम.
म्हशीला सांगा तेवढं."

त्या रात्री दहाला कट्ट्यावर गेले.
गिऱ्हाइकं ग्लास घेऊन ताटकळलेली,
म्हैस अजून पान्हवत नव्हती,
आणि कुणालाच घाई नव्हती.
मग धार लागली, थेट ग्लासात.
सगळे फेसाकडं बघत होते, मी अंगठ्याकडं.
मुडपलेला. त्याचं हाड सडावर टेकवून
ते ओढत होते, बापानं शिकवलं तसं,
चाळीस वर्षं, दोन्ही वेळा.

म्हटलं, मुडपू नका. सबंध मूठ लावा,
वरून खाली एकेक बोट मिटत न्या.
आधी त्यांच्याच दोन बोटांवर शिकवलं, मग सडावर.
पहिल्या दिवशी म्हशीनं लाथ घातली.
त्यांना नाही, मला.
तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ग्लास पुढं केला,
बोलले काही नाहीत.
फेस बोटभर वर आलेला.

इंग्रजीत एवढंच उरलं,
रुग्ण पूर्ववत कामावर रुजू.
लाथ बसवायला गेले तर
दोनशे त्रेपन्न होत होते.

आता रोज रात्री वडील विचारतात,
"आलं का काय?"
तिकडं आत्ता दुपार असेल, मी सांगते,
जेवायला गेले असतील.
"रोजच?"
आणि ते टीव्हीचा आवाज वाढवतात.
माझी बॅग कपाटावर आहे, रिकामी.
आईनं तिच्यात गोधड्या भरून ठेवल्यात
तोवर.

अकराव्या आठवड्यात मेल आली.
पान दोनशे बारा, शिक्का अस्पष्ट.

कारंड्यांचं पॅड सुकलेलं.
त्यांनी बाटलीतलं पाणी शिंपडलं, चार थेंब,
शिक्का घेतला,
अंगठा मुडपून त्यावर भार टाकला
आणि चेहरा वाकडा केला.
कधीपासून दुखतंय, मी विचारलं.
"तुझ्या पानांपासनं."
खुर्ची ओढून बसले, म्हटलं, द्या हात.
खिडकीबाहेर ॲडमिशनची रांग खोळंबली.

शिक्का जरा तिरका उमटला,
पण वाचता येतो.